घरच्या वर्कशॉपमध्ये लाकूड कातायची हत्यारं: कुठलं पोलाद, काय बनवावं, काय विकत घ्यावं?

गुहागरी_लेथ

नमस्कार मंडळी. पडवीत लाकूड कातायचा छोटा लेथ बसवला आहे. अर्धा एचपी मोटर, ३०० मिमी व्यासापर्यंतचं काम बसतं. सोबत १५० मिमीचा बेंच ग्राइंडर (२८५० आरपीएम), अँगल ग्राइंडर, बेंच ड्रिल, शेगडा (वाइस), कानशी आणि टॅपचा सेट आहे. काम मुख्यतः आंबा, फणस, शिवण यांच्या वाट्या, करंडे आणि लाटणी. पुढे माडाचं खोड आणि करवंटीही कातायची आहे.

बाहेरून येणाऱ्या हत्यारांच्या किमती बघता निम्मी तरी घरी बनवावीत असं वाटतंय. हाताशी भंगारातला जीपचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी), बोथट झालेल्या मोठ्या कानशी आणि १२ ते १६ मिमीची जुनी ड्रिल बिटं आहेत. यातलं कशाचं काय होईल? गावातला लोहार कोयते उत्तम करतो, त्याच्याकडून पाणी देऊन (तापवून, बुडवून कडक करून) घेतलं तर चालेल का? कार्बाइड इन्सर्टचं (स्क्रूने बसवायच्या कडक पात्याचं) हत्यार घरी जमण्यासारखं आहे का? आणि खाऱ्या हवेत ही हत्यारं टिकवायची कशी?

कातारी_सावंतवाडी

आधी काय बनवू नये ते सांगतो. वाटी कोरायची खोल पन्हळीची बोल गाउज घरी बनवायच्या फंदात पडू नका. १२-१३ मिमीच्या हायस्पीड पोलादाच्या गोल सळईत दीड-दोनशे मिमी लांब, आतून गुळगुळीत पन्हळ ग्राइंडरवर पाडता येत नाही. पन्हळ खडबडीत राहिली की धारेवर तेच दाते उमटतात, वरचा उतार कितीही घासा. ती एक गाउज विकत घ्या. बाकी बहुतेक सगळं घरी होतं: स्क्रेपर (खरवडायचं हत्यार), पार्टिंग (काम छेदून वेगळं करायचं), बीडसाठी (मण्यासारख्या गोल उंचवट्यासाठी) चौकोनी पटाशी, तीन पैलूंचं टोकदार हत्यार, गोल सळईची स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी), करंड्याचं पोट कोरायचा बार.

या सगळ्यांसाठी सर्वांत कमी कटकटीचा माल म्हणजे मेटल लेथवाले वापरतात ते हायस्पीड स्टीलचे टूल बिट. चौकोनीही मिळतात, गोलही. पाणी दिलेलेच येतात, कडकपणा ६२ ते ६५ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास. भट्टी नको, तेल नको, नुसतं घासायचं. नेहमीच्या एम २ मध्ये साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं, त्यामुळे घासताना निळं पडलं तरी पाणी उतरत नाही. साध्या कार्बन पोलादाचं तसं नाही; ते निळं पडलं की निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. हायस्पीडला घरी पाणी देता येत नाही. त्याला १२०० अंशांच्या आसपास तापवून मग साडेपाचशेला दोन-तीनदा टेंपर करावं (पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवावा) लागतं. म्हणून ते तापवून वाकवायचं, ठोकायचं, वेल्डिंग करायचं डोक्यातून काढून टाका. आणि घासून तापलेलं हायस्पीड एकदम पाण्यात बुचकळू नका. धारेशी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि मग धार कणाकणाने तुटते. हवेतच निवू द्या.

ड्रिल बिटांबद्दल: पन्हळीचा भाग हायस्पीड असतो, पण मोठ्या बिटाची शँक (चकमध्ये धरायची दांडी) बऱ्याचदा साध्या पोलादाची असते आणि जोड मारलेला असतो. शँकवर कानस चालवून बघा. कानस चावली तर तिथे धार काढण्यात अर्थ नाही. ग्राइंडरवर टेकवलं तरी फरक कळतो. हायस्पीडची ठिणगी मंद, लालसर आणि आखूड. कार्बन पोलादाची पांढरी, लांब आणि टोकाला फुटणारी.

ऐरण_कुडाळ

कमानपाट्याचं मी सांगतो. जीपचा पाटा साधारण ६ ते ८ मिमी जाड असतो. त्याचा वाटीचा स्क्रेपर आणि लाटण्याच्या कामाची रफिंग गाउज चांगली होते. हे सिलिकॉन-मँगनीज पोलाद, कार्बन ०.५५ ते ०.६ टक्के. चिवट असतं, सहसा तुटत नाही, पण धार हायस्पीडइतकी टिकत नाही. शिवण आणि आंब्याला पुरेल, सागाला नाही. सागात सिलिका असते, ती धार खाते.

पाटा निवडताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा आणि डोळ्याजवळचा भाग सोडून द्या. वर्षानुवर्षं वाकून तिथे भेगा पडलेल्या असतात, वरून दिसत नाहीत. तुकडा कापला की घासून चकचकीत करा, रॉकेल लावा, पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. भेग असेल तर थोड्या वेळात रॉकेलची ओली रेघ खडूवर उमटते. असा तुकडा सरळ भंगारात.

आधी मऊ करा. चेरीच्या रंगाइतका लाल तापवून तुसाच्या राखेत पुरा आणि रात्रभर राहू द्या. मग कानस, करवत, ड्रिल सगळं चालतं. आकार देऊन झाला की पाणी. करवंटीचा कोळसा यासाठी झकास, उष्णता भरपूर आणि धूर कमी. विटांची ओंजळभर जागा आणि ब्लोअर एवढं पुरतं. फक्त पुढचे ४०-५० मिमी तापवा, दांड्यात जाणारं शेपूट मऊच हवं. चुंबक चिकटेनासं झालं म्हणजे ७७० अंश ओलांडले. त्यानंतर रंग अजून एक छटा उजळू द्या, म्हणजे या पोलादाला लागणाऱ्या साडेआठशेच्या आसपास येतं. तिथे मिनिटभर धरा आणि तेलात सरळ उभं बुडवा. आडवं बुडवलं किंवा डावं-उजवं हलवलं तर पातं वाकतं.

शेंगतेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं घ्या. थंड तेल घट्ट असतं, पातं नीट निवत नाही. तीन-चार लिटर तेल, लोखंडी डबा, बरोब्बर बसणारं झाकण. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट.

आता तुमचा लोहार. माणूस हुशारच असणार, पण कोयत्याचं पाणी आणि कातायच्या हत्याराचं पाणी वेगळं. कोयता आपटतो, म्हणून तो नुसती धार पाण्यात बुडवतो आणि मागची उष्णता धारेकडे येऊ देतो. रंग धावतात: आधी पेंढ्यासारखा पिवळसर (सुमारे २२०), मग तपकिरी (२५५), मग जांभळा (२८०), मग निळा (३००). कोयत्याला तो जांभळ्या-निळ्यावर थांबवतो. आपल्याला पेंढ्याच्या रंगावर थांबायचंय, फार तर तपकिरीची चाहूल लागेपर्यंत. त्याला "कोयत्यापेक्षा कडक, पिवळ्यावर थांब" एवढंच सांगा, तो समजतो. आणि रंग बघायचे तर पात्याचा एक चेहरा आधी दगडाने पांढरा करून घ्यावा लागतो. काळ्या खपलीवर रंग दिसत नाहीत.

घरी ओटीजी असेल तर हा रंगांचा खेळ नकोच. तेलातून काढून पातं हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच २०० ते २२० अंशांवर एक तास, बाहेर काढून निवू द्या, पुन्हा एक तास. पाणी दिलेलं पातं टेंपर न करता रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तडकलेलं मिळू शकतं. ओटीजीवरचे आकडे भरवशाचे नसतात. साधा ओव्हन थर्मामीटर आत ठेवा. आणि तेल आधी नीट पुसा, नाहीतर घरातले लोक आठवडाभर केकला नावं ठेवतील.

जुनी_कानस

एवढा उपद्व्याप कशाला? जुनी कानस घ्या, पुढून घासा, झाला स्क्रेपर. पोलाद एक नंबर.

फिटर_चिपळूण

वरचा सल्ला तसाच्या तसा कुणी घेऊ नका. कानशीचं पोलाद चांगलंच असतं, एक टक्क्याच्या वर कार्बन. पण ती कानस म्हणून कडक केलेली असते, काचेसारखी. टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पुढे ५०-६० मिमी काढून फिरत्या वाटीवर टेकवली आणि अडकली तर ती वाकत नाही, मोडते. मोडलेला तुकडा कुठे जाईल ते लेथच्या हातात. शिवाय दात्यांचा प्रत्येक खळगा म्हणजे भेगेची तयार सुरुवात, आणि शेपटाच्या खांद्याचा काटकोन त्याहून वाईट.

वापरायचीच असेल तर दाते दोन्ही बाजूंनी पूर्ण घासून काढा, खांद्याला किमान ३ मिमीची गोलाई द्या, अख्खी कानस ओटीजीत २२० अंशांवर दोन तास ठेवा आणि शेपटाकडचा अर्धा भाग गॅसच्या ज्योतीने निळा होईपर्यंत उतरवा. इतकं करूनही ती लाटणी-मुठींसारख्या लांबट कामापुरती. वाटीवर नको.

आता कार्बाइड. हे घरी उत्तम जमतं आणि माडाच्या खोडाला त्याच्याशिवाय पर्याय नाही असं माझं मत. जुन्या माडाच्या बाहेरच्या थरातले काळे धागे हायस्पीडची धारसुद्धा बघता बघता गोल करतात.

१२ मिमी चौरस ब्राइट बार घ्या, २५० मिमी लांब. ५० दांड्यात, २०० बाहेर. इन्सर्ट आधी हातात घ्या, मगच बार कापा, कारण भोकं सारखी नसतात. काहींना एम ४ स्क्रू लागतो (३.३ मिमी ड्रिल), रंधा मशिनच्या चौकोनी इन्सर्टना बहुतेक एम ६ (५ मिमी ड्रिल).

समजा १४ मिमी चौकोनी, २ मिमी जाड इन्सर्ट आहे. बारच्या टोकाला २ मिमी खोल खोबणी घासा आणि मागे सरळ खांदा ठेवा. त्या खांद्यामुळे इन्सर्ट फिरत नाही. भोकाचं केंद्र खांद्यापासून बरोब्बर ७ मिमीवर न घेता ६.८ वर घ्या. स्क्रूचं डोकं निमुळतं असतं, घट्ट करताना ते इन्सर्टला मागे खांद्याकडे ओढतं आणि ते पक्कं बसतं. ७.२ झालं तर इन्सर्ट आणि खांद्यात फट राहते, कामात ते हलतं आणि स्क्रू मोडतो. खोबणीची लांबी अशी ठेवा की इन्सर्ट पुढे आणि दोन्ही बाजूंना साधारण एक-एक मिमी बाहेर डोकावेल.

गोल १२ मिमी इन्सर्टची अडचण वेगळी. त्याची कड खाली आत गेलेली असते. ३० अंशांचा उतार आणि २ मिमी जाडी धरली तर तळाचा व्यास ९.७ मिमीच भरतो. बारचं टोक ४.८ मिमी त्रिज्येपेक्षा मोठं ठेवलंत तर धार लाकडाला लागायच्या आधी बार घासतो. मग लोक म्हणतात कार्बाइड कापत नाही. टोक गोल करा आणि खालून मागे उतरतं घासा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठक सपाट हवी. इन्सर्टच्या तळाला मार्करची शाई लावा, बैठकीत दाबून किंचित हलवा आणि शाई कुठे लागते ते बघा. उंचवटे बारीक कानशीने काढा, शाई सगळीकडे लागेपर्यंत. मधे उंचवटा राहिला तर स्क्रू आवळताना इन्सर्ट टक्कन दोन तुकडे होतं. कार्बाइड दाब सोसतं, वाक सोसत नाही. आटे पाडताना तेल वापरा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

एसएस ३०४ चा बार गंजायला हट्टी म्हणून चांगला, पण भोक पाडताना बिट नुसतं घासत राहिलं तर जागा कडक होते आणि मग टॅप मोडतो. नवं बिट, कमी वेग, जोराचा दाब, भरपूर तेल. ते जमणार नसेल तर साधा ब्राइट बारच बरा.

गुहागरी_लेथ

मनापासून आभार. दोन-तीन शंका राहिल्या. १० मिमी चौकोनी हायस्पीड बिट १५० मिमी लांबीचा मिळतोय, तो दांड्यात कसा बसवू? करंड्याच्या आतल्या पोटासाठी काय करू? आणि करवंटी कातताना हत्यार अडकून ती फुटते, त्याला कोणता कोन?

मालवणी_सुतार

काय ता करा, पण आधी चष्मो घाला. साधो न्हय, अख्खो चेरो झाकता तो.

कातारी_सावंतवाडी

१५० मिमी पुरेल. ५० आत, १०० बाहेर. १० मिमी चौरसाचा कर्ण १४.१ मिमी, म्हणून लाकडात १४ मिमीचं भोक. चारही कोपरे दगडावर किंचित मारले की दाबून बसतो, बाकीची पोकळी अरल्डाइटने भरा. भोकाच्या तळाशी एक पोकळ कोपरा राहू देऊ नका, बिट तळाला टेकलं पाहिजे. नाहीतर जोर पडला की ते आत सरकतं आणि दांडा फाटतो.

दांडा कातताना क्रम बदलू नका. आधी लेथवरच टेलस्टॉकमधून (लेथच्या मागच्या टोकाच्या आधारातून) भोक पाडा, मग त्याच भोकात फिरतं सेंटर लावून बाहेरून कातून घ्या. दांडा आधी कातून नंतर भोक पाडलं तर ते हमखास तिरकं जातं आणि हत्यार हातात कायम वाकडं वाटतं. या बिटाला ३०० मिमी दांडा पुरे. वाटीच्या स्क्रेपरला आणि कार्बाइड बारला ४०० च्या खाली जाऊ नका.

लाकूड बाभूळ, चिंच किंवा जुना सुका साग. शिवण दांड्याला हलकी पडते. शेंबीला (दांड्याच्या तोंडावरच्या कडीला) पाऊण इंची जीआय पाइपचा २५ मिमी तुकडा, आतून कानशीने साफ केलेला. लाकडाची खुंटी ०.२ मिमी जाड ठेवून ठोकून बसवा. लाकूड पुरतं सुकलेलं नसेल तर थंडीत ते आटतं आणि शेंबी खुळखुळते.

पुढची धार: बीडसाठी एकाच बाजूने ४० अंशांचा उतार. धारेच्या मागे दोन्ही कुशी किंचित निमुळत्या करा, म्हणजे खाच पाडताना अंग घासणार नाही. तेच बिट पार्टिंगलाही चालतं, पण १० मिमी लाकूड वाया जातं. बारीक पार्टिंगसाठी मशीन हॅक्सॉचं जुनं हायस्पीड पातं, जाडी सुमारे २ मिमी. फक्त ते पूर्ण हायस्पीडचं आहे ना बघा. काही पात्यांची नुसती दात्यांची कड हायस्पीड असते, पाठ मऊ. कापताना कटिंग डिस्कने खाच पाडा, शेगड्यात धरा, फडकं गुंडाळा आणि मोडा. दाते घासून टाका, आणि खालची कड गोल करा, नाहीतर ती टूल रेस्टवर चरे पाडते.

करंड्याच्या पोटासाठी: १६ मिमी गोल ब्राइट बारच्या टोकात पाव इंची (६.३५ मिमी) चौकोनी बिट बसवा. कर्ण ८.९८, म्हणजे ९ मिमीचं ड्रिल नेमकं बसतं. सरळ पुढे न पाडता ४५ अंशांत पाडलं तर आतल्या कुशीपर्यंत पोचता येतं. पकडायला एम ५ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा; ४.२ मिमी ड्रिल), तो वरच्या बाजूने आणि पूर्ण बुडालेला हवा. खालून घेतला तर रेस्टवर अडकतो. बिट बाहेर १०-१२ मिमीच काढा. गोल बार हातात फिरतो, म्हणून रेस्टवर टेकणारी खालची बाजू ४ मिमी रुंद सपाट घासून घ्या.

किती पुढे काढायचं? मी हा ठोकताळा धरतो: १२ मिमी बार रेस्टपुढे १०० मिमीपर्यंत, १६ मिमी बार १५० पर्यंत. त्यापुढे बार थरथरतो आणि आत नागमोडी उमटते. तेव्हा दाब वाढवू नका, बार जाड घ्या.

फिटर_चिपळूण

करवंटीचं उत्तर निगेटिव्ह रेक स्क्रेपर. साधा स्क्रेपर लाकडात घुसायला बघतो. करवंटी ३-४ मिमी जाड आणि ठिसूळ, घुसला की फुटलीच. तुमच्याच १० मिमी बिटावर वरून २५ आणि खालून ४५ अंश द्या, मिळून ७० चा कोन. वरचा उतार असल्याने धार आत खेचली जात नाही. हे हत्यार ग्राइंडरवर उठणाऱ्या बरवर (धारेवरच्या बारीक उभ्या कडेवर) चालतं, धारेवर नाही. बर दोन-तीन मिनिटांत मोडते, मग चाकावर नुसता एक स्पर्श. बर गेली की लोक दाब देतात आणि तिथेच करवंटी जाते.

करवंटी तीन ठिकाणी टेकवून धरू नका. लाकडाच्या ठोकळ्यात तिच्या बाहेरच्या आकाराची खोलगट जागा कातून, कडेने हॉट ग्लूने बसवा. आतला उरलेला खोबऱ्याचा थर आधी खरवडून टाका, त्यावर ग्लू धरत नाही. भुगा अगदी बारीक असतो, एन ९५ मास्क लावा.

कार्बाइडबद्दल एक राहिलं. शिवण आणि पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर ते तंतू ओरबाडतं, वर लव उभी राहते. तिथे चकचकीत धारेची स्क्यू किंवा गाउजच. गोल इन्सर्ट असेल तर बार ४५ अंशांत तिरका धरून बघा, बराच फरक पडतो. चौकोनी इन्सर्ट मात्र सपाटच, कामाच्या मध्यावर.

कातारी_सावंतवाडी

दुजोरा. लाखेचं काम करायचं असेल तर शेवटचा हात स्क्यूचाच हवा. लव राहिली तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर वितळून पसरते खरी, पण खाली ठिपके दिसतात. मग केवड्याचं पान कितीही फिरवा, ते झाकले जात नाहीत. १० मिमी गोल हायस्पीड सळईची स्क्यू सोपी: दोन्हीकडून सारखे उतार, मिळून ३० ते ३५ अंश, धार ७० अंशांत तिरकी. नव्या हाताला चौकोनी स्क्यूपेक्षा ही बरी, कारण तिला रेस्टवर टोचणारा कोपराच नाही.

ऐरण_कुडाळ

ग्राइंडरबरोबर येणारं राखाडी चाक हायस्पीडला लावू नका. ते चिकट होतं, कापणं बंद होतं आणि नुसतं तापवतं. पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० ग्रेड बसवा. बसवण्याआधी चाक बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकं ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज म्हणजे तडा, फेकून द्या. नवं चाक चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. महिन्याकाठी ड्रेसर (चाकाचा चेहरा साफ करायचं हत्यार) फिरवा. कार्बाइडला या चाकावर धरू नका. त्याचा वरचा सपाट चेहरा डायमंड प्लेटवर पाण्याबरोबर घासला की झालं, उताराला हात लावायची गरज नाही.

कोन राखायला ग्राइंडरपुढे लाकडी फळीचा टेकू करा. जुन्या उतारावर मार्कर फासा आणि चाक हाताने फिरवून बघा शाई कुठे जाते. एकाच टोकाला गेली तर शाई सगळ्या उतारावरून सारखी जाईपर्यंत टेकू थोडा वर-खाली करा.

गंजाचं: इथली हवा खारी, त्यात पावसाळा. हायस्पीडसुद्धा गंजतं, पण हळू. ऐन, खैर, बाभळीत टॅनिन असतं. ओलं लाकूड कातलं की पोलादावर काळे डाग तासाभरात दिसतात. काम संपल्यावर भुसा झटका, मशीन ऑइलचं फडकं फिरवा. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट बसतं. हत्यारं पडवीच्या भिंतीवर टांगून ठेवू नका, बंद कपाटात ठेवा आणि जून ते सप्टेंबर आत २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब चालू ठेवा. एलईडी तापत नाही, त्याचा उपयोग नाही. आणि लेथच्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर पावसाळ्याआधी बसवून घ्या, ओली पडवी आणि लोखंडी लेथ ही जोडगोळी बरी नाही.

फिटर_चिपळूण

गंजात भर: कार्बाइडच्या बैठकीत, इन्सर्टच्या खाली, गंज धरतो आणि दिसत नाही. गंज फुगतो, इन्सर्ट एका बाजूने उचललं जातं आणि पुढच्या वेळी स्क्रू आवळताना फुटतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा स्क्रू काढा, बैठक कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीसचं बोट फिरवा आणि परत लावा. स्क्रूच्या आट्यांनाही ग्रीस, नाहीतर दिवाळीत तो निघायचा नाही आणि डोक्याची चांदणी घसरेल. दोन-चार जादा स्क्रू आणि चांगली पाना-किल्ली त्याच कपाटात असू द्या.

गुहागरी_लेथ

शेवटचं विचारतो. पहिल्यांदा कुठलं बनवू? आणि कमानपाट्याचा स्क्रेपर ६ मिमीचा चालेल की ८ च हवा?

कातारी_सावंतवाडी

पहिल्यांदा १० मिमी बिटाची चौकोनी पटाशी. घासणं, भोक, शेंबी, दांडा सगळं त्यात येतं आणि मोडायला काही नाही. दुसरा कार्बाइड बार. पाट्याचं काम तिसरं.

स्क्रेपर ८ मिमीचाच, रुंदी २५ ते ३०. ६ मिमीचा १५० मिमी व्यासापर्यंतच्या वाटीला चालेल, त्यावर कडेला कुरकुरतो. खालचा उतार ७५ अंश ठेवा, खालच्या दोन्ही कडा गोल, आणि दांड्याचं टोक किंचित वर धरून धार खाली झुकलेली ठेवा. दांडा खाली गेला की धार वर येते आणि हत्यार वाटीत गुंततं.

ऐरण_कुडाळ

आणि पाट्याला वाक असेल तर तो थंडात ठोकून सरळ करायला जाऊ नका. मऊ करायला तापवाल तेव्हाच, लाल असताना, ऐरणीवर सरळ करून मग राखेत पुरा.